प्रवाळासारखे कवक कसे ओळखावे
(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनातील भाषण)



पावसाळा लागला म्हणजे किनवट-माहूरच्या सागवनांलगतच्या गावांतील मुले रानातून काहीबाही मुठीत धरून शाळेत येतात. एखादे दिवशी त्या मुठीत पोवळ्याच्या फांदीसारखा, बोटभर उंचीचा पिवळसर झुबका निघतो; आणि मूल विचारते, "गुरुजी, हे काय? हे खातात का?" या दोन प्रश्नांचा विचार आज करावयाचा आहे.

ही वस्तू झाड नव्हे, कवक होय. भूछत्राची बीजुके छत्रीखालच्या पडद्यांवर तयार होतात. येथे छत्रीच नसते, म्हणून ती फांद्यांच्या पृष्ठभागावरच तयार होतात. समुद्रातील पोवळे हे प्राण्यांचे घर आहे. दोहोंत साम्य केवळ आकाराचे.

ओळखण्यासाठी मुलांकडून चार गोष्टी पाहवून घ्याव्यात. पहिली, ते जमिनीतून उगवले की कुजक्या लाकडावर? दुसरी, फांद्या किती वेळा फुटल्या, व त्यांची टोके अणकुचीदार, बोथट की मुकुटासारखी? तिसरी, मोडल्यास ते कटकन तुटते की चिवट लागते? लाकडावरचे, चिवट, बुडाशी काळे व टोकाशी पांढुरके भुकटीदार असेल, तर ते बहुधा निराळ्याच गटातील कवक असते. चौथी, बीजुकांचा रंग. अर्धा काळा, अर्धा पांढरा असा कागद घेऊन त्यावर झुबका ठेवावा व रात्रभर वाटी पालथी घालावी. सकाळी पांढरा अथवा पिवळसर-तपकिरी ठसा दिसेल.

पूर्वी अशी बहुतेक कवके 'क्लॅव्हेरिया' या एकाच नावाखाली घालीत. कॉर्नर यांनी १९५० साली त्यांवर मोठा ग्रंथ लिहून त्यांची विभागणी केली; भारतातील जातींवर थिंद यांचा ग्रंथ १९६१ साली निघाला. पुढे आनुवंशिक द्रव्याच्या अभ्यासावरून असे दिसले की, हा आकार वेगवेगळ्या कुळांत स्वतंत्रपणे उत्पन्न झाला आहे. म्हणून केवळ रूपावरून जातीचे नाव ठरत नाही, सूक्ष्मदर्शक लागतो. वहीत "प्रवाळ-कवक, जात अनिश्चित" असे लिहिणे कमीपणाचे नव्हे.

आता दुसरा प्रश्न. यांतील काही जाती खाद्य आहेत, काहींनी ओकारी व जुलाब होतात. चांदीचे नाणे काळे पडणे, लसूण रंग बदलणे, किड्यांनी खाल्लेले असणे, या साऱ्या कसोट्या खोट्या आहेत. काही विषारी भूछत्रांची लक्षणे सहा ते बारा तासांनी अथवा त्याहूनही उशिरा दिसतात. तोवर विष यकृतापर्यंत पोहोचलेले असते. रानातील वडीलधारी माणसे वारुळावरची अळिंबी ओळखून खातात; त्यांच्या ज्ञानाचा आदर ठेवावा, परंतु ते ज्ञान त्या अळिंबीपुरते आहे. मुलाने अनोळखी कवक खाल्ल्यास लक्षणांची वाट न पाहता, उरलेला तुकडा कागदात गुंडाळून त्यासह त्याला दवाखान्यात न्यावे. नुसत्या स्पर्शाने विषबाधा होत नाही. हात मात्र धुवावेत.

लातूरकडे वन थोडे. तरी बांधावरच्या बाभळीच्या जुन्या खोडाजवळ हेच चार प्रश्न विचारता येतील.

"मला ठाऊक नाही, आपण पाहू, पण तोंडात घालू नको," हे गुरुजींचे उत्तर मुलाला निरीक्षण शिकवील आणि त्याचा जीवही राखील.