सुपरवायझरसमोर चूक कशी मांडायची?

(रायपूरमध्ये मराठी भाषक विद्यार्थी आणि तरुण समुपदेशकांसमोर केलेल्या भाषणाचं लेखी रूप. गटातल्या व्यक्तींची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)



मी ‘सुपरव्हिजन’वर बोलणार आहे असं आईला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे कारखान्यावर?” आमच्या घरात सुपरवायझर हा शब्द बाबांबरोबर आला. बाबा उरला औद्योगिक वसाहतीत एका ठेकेदाराकडे कामाला होते. सुपरवायझर म्हणजे हजेरी लावणारा, उशीर झाला की अर्धा दिवस कापणारा. त्याला मराठीत पर्यवेक्षक म्हणावं, तर परीक्षेच्या वर्गात पाठीमागून चकरा मारणारे सर आठवतात. शब्द कुठलाही घ्या, तो माणूस जवळ आला की आपण वही झाकतो.

मानसशास्त्रज्ञांच्या कामात मात्र सुपरव्हिजन म्हणजे वही उघडणं. अडलेली केस घेऊन यायची आणि ‘इथे माझं काहीतरी चुकतंय’ हे आपणच म्हणायचं. ऐकणारे आधी रुग्णाबद्दल नाही, तुमच्याबद्दल विचारतात: त्या क्षणी तू काय केलंस, कशाकडे बघायचं टाळलंस? हे पाचसात जणांनी मिळून केलं की ग्रुप सुपरव्हिजन. मायकेल बालिंट यांनी १९५० च्या दशकात लंडनमध्ये साध्या फॅमिली डॉक्टरांना घेऊन असे गट चालवले आणि १९५७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. १९८३ मध्ये डोनाल्ड शॉन यांचं पुस्तक आलं, आणि काम करता करता स्वतःच्या करण्याकडे वळून बघण्याची ही सवय ‘रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिस’ या नावाने शिक्षक, नर्स, सोशल वर्कर सगळ्यांपर्यंत पोचली. इतका इतिहास पुरे.

आपल्याला हे समजायला लंडनपर्यंत जायची गरज नाही. मसूरचं स्टेशन पुरेसं आहे. १९०१ सालचा तो प्रवास बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहिला आहे. चांगले कपडे घातलेली मुलं फलाटावर वडिलांच्या माणसाची वाट बघताहेत. स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करतो. मुलं महार आहेत हे कळताच त्याचा चेहरा बदलतो आणि तो आपल्या खोलीत निघून जातो. अर्ध्या तासाने परत येतो. पुढे गाडीवाल्याशी बोलून त्यांच्या जाण्याची सोयही तोच करतो. आपण ही गोष्ट नेहमी मुलांच्या बाजूने वाचतो, आणि तसंच वाचायला हवं. पण मला तो अर्धा तास सुटत नाही. खोलीत बसून त्या माणसाने काय केलं? ते त्याला कोणीच विचारलं नाही. सुपरव्हिजन त्या अर्ध्या तासाबद्दल विचारते. निदान विचारायला हवं.

माझ्या पीएचडीसाठी मी रायपूरमधल्या अशा एका गटात बसते, सगळ्यांच्या परवानगीने. सात समुपदेशक आणि एक ज्येष्ठ मानसशास्त्रज्ञ, पंधरा दिवसांतून एका शनिवारी दीड तास. सातांपैकी सहा जण सवर्ण घरांतले. सातवी आपल्यातली, तिच्या घरातली पहिली पदवीधर.

एका शनिवारी एकीने केस मांडली. वसतिगृहात राहणारा, गावाकडून आलेला मुलगा. मेसमध्ये जेवायला जाणं त्याने बंद केलं होतं, खोलीत बिस्किटं खाऊन राहायचा. पहिल्या भेटीत तो छत्तीसगढीत म्हणाला होता, “जी घबराथे.” हिंदी नोंदीत त्याचं ‘चिंता’ झालं आणि गटासमोर आलं तेव्हा ‘एंग्झायटी’. घाबरणारा ‘जी’ वाटेतच गळाला. तिने त्याला श्वासाचे व्यायाम दिले होते, विचारांची डायरी लिहायला दिली होती. दोन भेटींनंतर तो गप्प झाला होता. काय करू, हा तिचा प्रश्न होता.

सुपरवायझर बाईंनी विचारलं, “मेसमध्ये काय होतं?” तिने ते विचारलंच नव्हतं. “त्याने आडनाव सांगितलं तेव्हा तुझ्या मनात काय आलं?” ती म्हणाली, “काही नाही. मी जात बघत नाही.” मग बराच वेळ कोणी बोललं नाही. शेवटी तीच हळू आवाजात म्हणाली, “आडनाव सतनामी आहे हे मला कळलं होतं. त्यानंतर मी घराबद्दल विचारणं सोडलं. त्याला वाईट वाटेल म्हणून.”

खरं तर हा गटाचा मोठा क्षण होता. बालिंट असते तर खूश झाले असते. तिचा अर्धा तास तिला स्वतःला दिसला होता. (आडनावाचंही गंमतशीर आहे. टंडन दिल्लीत खत्री असतात, इकडे छत्तीसगडात सतनामीही असतात. ‘मी जात बघत नाही’ म्हणणाऱ्यांना हा फरक न चुकता कळतो.)

पण पुढच्याच मिनिटाला सहाच्या सहा माना सातवीकडे वळल्या. “तू सांग ना, त्याला काय वाटत असेल?” बाईंनीही तिच्याकडेच बघितलं. ती म्हणाली, “आज माझी पाळी नाही.” एवढंच. आणि पाण्याची बाटली उघडून प्यायली.

त्या दिवशीच्या माझ्या फील्ड डायरीत मी लिहिलंय: ‘सहभाग कमी. बुजरी.’ मी लिहिलंय हे, बौद्ध घरातल्या, समाजशास्त्र शिकलेल्या मुलीने. महिन्याभराने पान पुन्हा वाचलं तेव्हा लाज वाटली. तिने नकार दिला होता आणि मी त्याची नोंद स्वभावदोष म्हणून केली होती. आता मी पानावर मधोमध रेघ मारते. डावीकडे काय घडलं, उजवीकडे मला काय वाटलं. उजवी बाजू गाइडना दाखवायला मला वर्ष लागलं.

ब्रिजिड प्रॉक्टर यांनी सुपरव्हिजनची तीन कामं सांगितली आहेत: कामाचा दर्जा सांभाळणं, शिकवणं आणि काम करून थकलेल्याला पुन्हा उभं करणं. त्या शनिवारी सहा जण शिकले. सातवीला कोणी उभं केलं नाही, उलट शिकवण्याचं काम तिच्या गळ्यात घालायला निघाले.

नंतर मी तिची मुलाखत घेतली. तिच्याकडे एक केस पाच महिने पडून होती. एक सवर्ण बाई दर भेटीत फिरवून फिरवून आडनाव विचारायच्या, ही फक्त पहिलं नाव सांगायची. सत्र त्यातच अडकलं होतं. गटात का नाही आणलीस, म्हटलं. ती म्हणाली, “दीदी, त्यांचं चुकलं तर ती एक केस. माझं चुकलं तर म्हणणार, कोट्यातून आली आहे.”

रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिसच्या पुस्तकांत मला हे वाक्य सापडत नाही. तिथे सगळे ‘सुरक्षित वातावरणात’ मोकळेपणाने चुका मांडतात. चूक मांडायची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. ज्यांच्या आजोबांनीही कॉलेज पाहिलं होतं त्यांना ती स्वस्त पडते. आपण तोंडी परीक्षेत घाम पुसत शिकलेली माणसं. ‘येत नाही’ म्हटलं की आपलं एकट्याचं नव्हे, वस्तीचं नाव जातं हे शाळेपासून पाठ झालेलं. म्हणून आपल्यातले समुपदेशक गटात स्वच्छ, सुटलेल्या केसेस घेऊन जातात आणि अडलेल्या घरी घेऊन येतात. रात्री उशिरापर्यंत जाग्या राहतात त्या ह्याच.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १८ मध्ये भेदभाव न करण्याच्या यादीत जात स्पष्ट लिहिली आहे. कायद्याला जे दिसतं ते त्या गटाच्या नोंदीच्या फॉर्मवर नव्हतं. धर्माचा रकाना होता, जातीचा नव्हता. रकाना हवाच असं माझं मत नाही. फॉर्म भरणाऱ्याच्या तोंडाकडे बघून मुलं गप्प होतात हेही मी पाहिलंय. पण मेसमध्ये कोण कोणाशेजारी बसतं, हे विचारायला रकाना लागत नाही.

पुढच्या बैठकीत सुपरवायझर बाईंनी सुरुवात स्वतःपासून केली. मागच्या वेळी मीही तिच्याकडे बघितलं, म्हणाल्या, आणि स्वतःच्या घरातल्या वेगळ्या कपाबद्दल बोलल्या. आपली जात त्यांनी टेबलावर ठेवली. मग गटाने तीन गोष्टी लिहून घेतल्या. ज्याची पाळी त्याचीच केस. कोणालाही आपल्या समाजाच्या वतीने बोलायला लावायचं नाही. गटात कबूल केलेली चूक नोकरीच्या मूल्यमापनात जाणार नाही. तिसऱ्या कलमावर सगळ्यात जास्त वाद झाला, कारण दोघांचे बॉस बाईंच्या ओळखीचे होते. तुमच्यातलं कोणी उद्या असा गट शोधणार असेल, तर हे तिसरं कलम पहिल्याच दिवशी विचारा, फी विचारण्याच्याही आधी. उत्तर गोलमोल आलं तर दोनतीन जण मिळून आपला गट करा. समवयस्कांचाही चालतो, मात्र वेळ आणि पाळी लिहून ठेवा, नाहीतर चहाच होतो.

सातवीने तिची केस सातव्या महिन्यात मांडली. चाळीस मिनिटं. तिला मध्येच कोणी थांबवलं नाही.

तो वसतिगृहातला मुलगा तिसऱ्या भेटीला आलाच नाही. त्याच्या समुपदेशकाने दोनदा फोन केला, लागला नाही. रजिस्टरमध्ये त्याची केस अजून उघडी आहे. दर बैठकीत ती त्या ओळीवर बोट ठेवते आणि मग आपली नवी केस सांगते.