नागपूरची 10 जानेवारी

दरवर्षी 10 जानेवारीला परदेशांतल्या भारतीय दूतावासांतही विश्व हिंदी दिवस साजरा होतो. ही तारीख जगाला दिली आपल्या नागपूरनं! 1975 साली याच दिवशी इथे पंतप्रधान इंदिरा गांधींनी पहिल्या विश्व हिंदी संमेलनाचं उद्घाटन केलं. पुढाकार होता वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीचा. प्रमुख पाहुणे होते मॉरिशसचे पंतप्रधान शिवसागर रामगुलाम. उसाच्या मळ्यांत राबायला गेलेल्या बिहारी मजुराचे पुत्र. दुसरं संमेलन 1976 साली मॉरिशसमध्येच भरलं. नागपुरात मांडलेली हिंदी विद्यापीठाची कल्पना पुढे वर्ध्यात साकारली. यजमान मराठी मुलूख, भाषा हिंदी आणि पाहुणे देशोदेशीचे: विविधतेचा सन्मान तो हाच!