काळ्या पोवळ्याची तसबीह



आपल्या नगर जिल्ह्यापासून समुद्र घाटापलीकडे, दूर. तरीही समुद्रातली एक चीज आपल्यापैकी काहींच्या घरी रुमालात जपून ठेवलेली असेल. हजहून येताना दादा-नानांनी आणलेली काळी, गुळगुळीत तसबीह. अरबीत तिच्या मण्यांना 'युस्र' म्हणतात. आठवीतल्या एका मुलीने ती वर्गात आणून विचारले, "सर, हा दगड कुठला?" मी बेधडक सांगितले, "समुद्रातला." घरी पुस्तके चाळली तेव्हा चूक कळली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात ती कबूल केली. शिक्षकाला हे जरा जडच जाते!

युस्र म्हणजे काळे पोवळे. ते दगड नव्हे, झाडही नव्हे. ती बारीक प्राण्यांची वसाहत आहे. लाल पोवळ्याचा सांगाडा चुन्याचा, याचा मात्र आपल्या नखांसारखा चिवट. गंमत अशी की जिवंतपणी ते काळे दिसतच नाही. फांद्यांवर नारिंगी, पिवळ्या किंवा पांढऱ्या जिवांचे आवरण असते. ते गेले की काळा सांगाडा उरतो.

याच कुळात लिओपॅथिस नावाचे, फारसे कोणाला ठाऊक नसलेले खोल समुद्रातले पोवळे आहे. हवाई बेटांजवळ सुमारे चारशे मीटर खाली, काळोखात, वाहत येणारे अन्नकण खाऊन ते जगते. त्यातल्या एकाचे वय कार्बनच्या परीक्षेवरून सुमारे ४,२६५ वर्षे निघाले. हे संशोधन २००९ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे प्रवरेकाठी दायमाबादला माणसे घरे बांधू लागली, साधारण त्या काळी हे पोवळे समुद्रतळाला रुजले! त्याची जाडी वर्षाला पाच मायक्रॉनसुद्धा वाढत नाही. केसाइतके जाड व्हायला पंधरा-वीस वर्षे लागतात.

म्हणूनच १९८१ पासून काळ्या पोवळ्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे. आपल्या देशात २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला वाघाच्या बरोबरीचे संरक्षण आहे. पालकांनी हे ध्यानात ठेवावे. बाजारात कोणी "अस्सल युस्र" म्हणून पुढे केली तर घेऊ नये. लाकडाची किंवा खजुराच्या बियांची तसबीह काय कमी आहे?

त्या मुलीने विचारले, "मग नानांच्या तसबीहचे काय करू?" मी म्हटले, "जपून ठेव." मग तिने दुसरा प्रश्न टाकला: लिओपॅथिसचा असा एक मणी व्हायला किती वर्षे लागतील? उथळ पाण्यातल्या जाती भराभर वाढतात, हे मी आधी सांगितले. मग फळ्यावर गणित मांडले: मध्यापासून कडेपर्यंत चार मिलिमीटर, वर्षाला पाच मायक्रॉन. उत्तर आठशे आले. तिने मणी मोजायला घेतले तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली.