अडकलेली दांडी

कवितेवर बोलायला बोलावले की मी शेतीकडे वळतो, अशी माझ्याबद्दल जुनी तक्रार आहे. आज विषयच शेतीचा आहे, तेव्हा मी निर्धास्त आहे.

आमच्या भंडारा जिल्ह्यात पुनर्वसू लागले की धानाच्या बांध्यांत चिखलणीची घाई उडते. पऱ्हे एकवीस-पंचवीस दिवसांचे झाले की रोवणी व्हावीच लागते. उशीर झाला तर रोप जून होते, फुटवे कमी येतात. पूर्वी चिखल बैलांच्या आणि हल्यांच्या जोड्या करीत, आता केजव्हील लावलेला ट्रॅक्टर करतो. काही वर्षांपूर्वी अशाच दिवसांत, पवनीकडच्या आमच्या शेतावरून धाकट्या भावाचा फोन आला. "भाईजान, ट्रॅक्टर बांधीत उभा आहे. गिअर पडतही नाही, निघतही नाही."

दुसऱ्या दिवशी वीस बाया रोवणीला येणार होत्या. चिखल झाला नाही तर त्यांचीही मजुरी बुडणार. एका जाणकाराने बांधावरूनच निकाल दिला, की ट्रॅक्टर मधून फोडावा लागेल. म्हणजे आठवडा आणि हजारोंचा खर्च. त्याआधी ड्रायव्हरने दांडीत लोखंडी पाइप घालून जोर लावून पाहिला होता. हे मात्र कधीही करू नये.

मग मी आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रीचाचांना घेऊन गेलो. पान्याला हात लावण्यापूर्वी त्यांनी ड्रायव्हरला विचारले, "इंजन बंद करून पाह्यलं का बावा?"

या एका प्रश्नात निम्मे निदान आहे. इंजिन बंद असताना गिअर सहज पडतो आणि चालू असताना कराकरा वाजतो, तर दोष बहुधा क्लचचा. पेडल दाबूनही प्लेट फ्लायव्हीलपासून सुटत नाही. पेडलची ढील वाढलेली असते, नाही तर चिखलणीत आत गेलेल्या पाण्याने प्लेट गंजून चिकटलेली असते. अनेक ट्रॅक्टरांत क्लच हाउसिंगच्या तळाशी पाणी निघायला भोक असते. चिखलणीपुरते ते बंद करतात आणि नंतर उघडायला विसरतात.

आमच्याकडे इंजिन बंद करूनही गिअर निघेना. मग चाचांनी क्लच दाबून धरायला सांगितले आणि दोघांकडून केजव्हील मागेपुढे हलवून घेतले. चाक चिखलात रुतले की दात्यांवर ताण राहतो. ताण सुटला की कधी कधी गिअर आपोआप निघतो. तसेही झाले नाही.

शेवटी त्यांनी दांडी हातात धरली. ती घट्ट नव्हती, चारी बाजूंना लुळी फिरत होती. घट्ट असती तर आतला फोर्क वाकला असेल किंवा रॉड जाम झाला असेल असे समजून पेटी उघडावी लागली असती. लुळी दांडी म्हणजे तिचे खालचे टोक खाचेतून सुटलेले. आत दोन-तीन रॉड शेजारी शेजारी असतात, प्रत्येकाला खाच असते. न्यूट्रलमध्ये साऱ्या खाचा एका रेषेत येतात आणि दांडीचे टोक त्यांतून सरकते. टोक झिजले की ते खाचेबाहेर उसळते, आणि एक रॉड गिअरमध्येच राहून जातो.

चाचांनी आधी झाकणाभोवतीचा चिखल फडक्याने नीट पुसून काढला, कारण एक खडा आत पडला तरी पुढचे काम वाढते. मग बोल्ट खोलून दांडीसकट झाकण उचलले, पेचकसने रॉड सरकवून खाचा रेषेत आणल्या आणि झाकण पुन्हा बसवले. तासाभरात दांडी फिरू लागली. ऑइल मात्र दुधासारखे पांढुरके झाले होते, म्हणजे पाणी शिरलेले. ते त्याच संध्याकाळी बदलले.

चिखलणी रात्री हेडलाइटच्या उजेडात उरकली. सकाळी बाया आल्या तेव्हा बांधी तयार होती. दांडीच्या झिजलेल्या टोकावर वेल्डिंगने भर घालून घ्यायचे चाचांनी बजावले होते. ते काम भावाने धान निघाल्यावर, दिवाळीनंतर केले.