शाळेचे छप्पर आणि आपली सही
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



अमेरिकेत गावच्या शाळेची इमारत सुधारायची झाली की गावकऱ्यांची मते घेतात. कौल मिळाला तर कर्जरोखे विकून पैसा उभा करतात आणि ते कर्ज मालमत्तेवरील करातून सावकाश फेडतात. कॅलिफोर्नियात २००० सालच्या दुरुस्तीनंतर, काही अटींवर, शंभरांत ५५ मते त्याला पुरतात. आपल्याकडे पुणे महापालिकेने २०१७ साली २०० कोटींचे रोखे काढले, पण ते पाणीपुरवठ्यासाठी. पालघर-बोईसरकडच्या जिल्हा परिषद शाळांसाठी असा कौल कोणी मागत नाही. म्हणून आपल्याला मतच नाही असे मात्र समजू नका.

शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने या शाळांना व्यवस्थापन समिती दिली आहे. तीत तीन-चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या जागी बायका. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते आणि अनुदान त्याच्या आधारे मिळायचे असते. आता खरे सांगा, सभासद असलेल्या किती जणींनी तो आराखडा वाचला आहे? वही घरी येते, भाकरी थापता थापता हात पुसून सही होते, वही परत जाते!

समग्र शिक्षेचे वार्षिक अनुदान ३० हून अधिक आणि १०० पर्यंत मुलांच्या शाळेला २५ हजार रुपये. वीजबिल, स्वच्छता, किरकोळ डागडुजी, सगळे त्यातच. छप्पर त्यात होत नाही. ते जिल्हा परिषदेकडे वेगळे मागावे लागते. शिवाय तारापूरला एवढे कारखाने आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात, तेही आसपासच्या भागाला अग्रक्रम देऊन. परंतु “छप्पर गळते हो” एवढ्यावर कोणी पैसे देत नाही. पत्रे किती, वासे किती, खर्चाचा अंदाज काय, हे कागदावर लागते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला शाळाच मुलांच्या अंगणात नेली. इमारतीवाचून शिक्षण अडत नाही, हे त्यांनी दाखवले खरे. पण आषाढात अंगणाचा काय उपयोग? आणि नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीला भूकंपाचे धक्के बसू लागले, घरांच्या भिंतींना तडे गेले. तेव्हा भिंतीही पाहायला हव्यात.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी असा कायदा आहे. तिथे आपली यादी न्या. मुलींच्या शौचकूपाला कडी नाही, हे पुरुषांच्या देखत बोलायला आपण संकोचतो. ते यादीत पहिले लिहा.