अल्पाकाची वैरण



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा आम्ही बोनस, महागाईभत्ता किंवा कंत्राटी कामगार यांवर बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. गेली तीस वर्षे आम्ही दुसरे काही बोललेलो नाही हे खरे. आजचा विषय मात्र आम्ही मागून घेतला. आमचे शाळेतले शिक्षण आठव्या इयत्तेत संपले; पुढचे जे काही आहे ते वाचनालयात आणि दोन गेटसभांच्या मधल्या वेळात जमवलेले. तेव्हा सभेत पशुवैद्य मंडळी असतील, त्यांनी चूक दिसल्यास शेवटी खुशाल उठून सांगावी.

या विषयाकडे आम्ही वळलो ते एका घोडेवाल्यामुळे. लग्नाच्या वरातींना घोडी पुरवणारा हा गृहस्थ. त्याच्या दोन घोड्यांनी एके दिवशी खाणे सोडले, अंगाला घाम सुटला, मागचे पाय लटपटू लागले आणि तिसऱ्या दिवसापर्यंत दोन्ही गेल्या. खाद्याचे पोते ज्या कारखान्यातून आले होते, तिथले कामगार आमच्या युनियनचे सभासद होते. चौकशीत निघाले ते असे : त्या पोत्याच्या आधी त्याच मिश्रणाच्या ढोलातून कोंबड्यांचे औषधी खाद्य काढले होते, आणि मधे ढोल झाडायला वेळ दिलेला नव्हता. व्यवस्थापनाने आरोपपत्र दिले ते ढोलावरच्या माणसाला. त्याचा बचाव करायचा तर ते औषध काय आहे हे कळायला हवे, म्हणून आम्ही पुस्तके उघडली. औषधाचे नाव मोनेन्सिन. कोंबडीला रक्ती हगवणीपासून वाचवणारे, गाईबैलांना बेताच्या मात्रेत चालणारे. पण घोड्याच्या हृदयाचे आणि अंगाचे स्नायू ते मारते, आणि त्यावर उतारा नाही. त्याच पानावर आणखी प्राण्यांना इशारा होता : उंट, लामा, अल्पाका.

घोडा आम्हांला ठाऊक, उंट ठाऊक. अल्पाका हा शब्द मात्र आम्ही कापडाचा म्हणूनच ऐकला होता. जुन्या पिढीतले वकील, हेडमास्तर आणि गिरणीतले हेडक्लार्क अल्पाकाचा काळा कोट घालीत. आमचे वडील साच्यावर काम करीत, त्यांच्या बोलण्यात तो कोट नेहमी यायचा. तो ज्याच्या अंगावर असे त्याच्यापुढे टोपी काढावी लागे, एवढेच त्याचे वर्णन! पुढे वाचले की टायटस सॉल्ट नावाच्या यॉर्कशायरच्या गिरणीमालकाने १८३६ च्या सुमारास लिव्हरपूलच्या गोदामात पडून राहिलेली ही लोकर विकत घेतली, ताणा सुताचा आणि बाणा अल्पाकाचा असे कापड विणले, आणि त्या नफ्यावर १८५३ मध्ये सॉल्टेअरची प्रचंड गिरणी उघडली, भोवती कामगारांचे गाव वसवले. कोट आला, गिरणी आली, गाव आले. ज्याच्या अंगावरून हे सारे उतरले तो प्राणी काय खातो, हे मात्र आम्हांला कुणी सांगितले नव्हते.

तो खातो ते अगदी गरिबाचे अन्न. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वताच्या पठारावर, पेरू, बोलिव्हिया आणि चिली या देशांत, साडेतीन हजार मीटरच्या वर त्याचे घर. जगातले बहुतेक अल्पाका एकट्या पेरूत आहेत, आणि पुनो हा त्यांचा मोठा मुलूख. तिथे इचू नावाचे राठ, सुईसारखे गवत उगवते. पाणथळ जागी मऊ हिरवळ असते, तिला तिकडे बोफेदाल म्हणतात; अल्पाकाला ती विशेष आवडते. उंटाच्या कुळातला हा जीव रवंथ करतो, पण त्याच्या पोटाचे कप्पे तीन, गाईसारखे चार नव्हेत. पहिल्या मोठ्या कप्प्यात चारा पुष्कळ वेळ मुरत राहतो, म्हणून राठ गवतातूनही तो सत्त्व काढून घेतो. साठ-पासष्ट किलोच्या जनावराला दिवसाला सुमारे एक किलो कोरडा चारा पुरतो, म्हणजे वजनाच्या दीड ते पावणेदोन टक्के. त्या चाऱ्यात आठ ते दहा टक्के प्रथिने असली की मोठ्या जनावराचे भागते. गाभण, दुभती आणि वाढती असतील त्यांना थोडी जास्त लागतात. मादी साडेअकरा महिने गाभण असते, तेव्हा तिचा शेवटचा काळ आणि दुधाचे महिने सांभाळावेच लागतात.

आता हा प्राणी पठारावरून खाली उतरला. १८५८ मध्ये चार्ल्स लेजरने अल्पाकांचा मोठा कळप जहाजातून सिडनीला नेला. तो उद्योग टिकला नाही. १९८० नंतरच्या दशकात मात्र अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात कळप गेले ते तिथेच रुजले, पुढे इंग्लंडात व न्यूझीलंडमध्येही वाढले. आता मालकाकडे पैसा, कुरणात खत घातलेले गवत, गोठ्यात लसूणघास आणि धान्याचा भरडा. माया तर इतकी की विचारू नका. आणि दुखण्याचे मूळ इथेच निघते. इचूवर पोसलेल्या पोटाला लसूणघास रोज दिली तर प्रथिने आणि चुना दोन्ही जास्त होतात. भरडा एकदम वाढवला तर पोटात आम्ल उसळते आणि जनावर आडवे होते. गोळीखाद्य घाईने गिळले तर घशात बसते. म्हणून जाणते पाळणारे ते अरुंद भांड्यात न देता लांब गव्हाणीत पसरून देतात. चारा बदलायचा तर दोन-तीन आठवड्यांत, थोडा थोडा. बुरशीचा वास आलेली पेंढी टाकून द्यायची, भिजवून खपवायची नाही.

या मायेची वसुली लोकरीवर होते. लोकरीची किंमत तिच्या बारीकपणावर. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. साधारण बावीस मायक्रॉनपर्यंतची लोकर वरच्या भावाची, तिशीच्या पुढची जाजमाच्या कामाची. जास्त चारले की केस जाड होतो. मालक म्हणतो जनावर सुधारले, व्यापारी म्हणतो माल उतरला. मग उपाशी ठेवावे का? तसेही नाही. आजारपणात किंवा उपासमारीत वाढलेला केस त्या जागी अशक्त राहतो आणि विंचरताना तिथेच तुटतो. पुनोच्या पठारावर बर्फाने गवत झाकले की जनावरे उपाशी मरतात. जगतात त्यांच्या केसात तो वाईट आठवडा राहून जातो. म्हणून ते लोक ओट पेरून, वाळवून, गंजी लावून ठेवतात. आमच्या गिरणीवाल्या मित्रांना हे लगेच समजेल. धागा तुटला की आधी साचेवाल्याला बोल लागतो.

आणि अंगावर लोकर असल्यामुळे रोडावलेले जनावरही डोळ्यांना गुबगुबीत दिसते. हात लोकरीच्या आत घालून फासळ्यांच्या मागे कणा चाचपावा लागतो. कणा धारदार लागला तर जनावर खंगले, पाठ सपाट पाटासारखी लागली तर माजले. याला एक ते पाच असे गुण देतात आणि तीनच्या आसपास असावे म्हणतात. आम्ही संपाच्या दिवसांत इस्त्रीच्या सदऱ्यातले उपाशी लोक पाहिलेत, तेव्हा ही गोष्ट आम्हांला नवी वाटली नाही.

चाऱ्याने न मिळणारी एक गोष्टही आहे. पठारावरचे ऊन प्रखर. त्याच्याच जोरावर अल्पाकाचे शरीर ड जीवनसत्त्व तयार करते. इंग्लंडच्या किंवा दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या हिवाळ्यात ते ऊन नाही, म्हणून शरदात जन्मलेल्या पिल्लांचे पाय वाकतात, मुडदूस होतो. तिथे ते जीवनसत्त्व टोचून किंवा पाजून द्यावे लागते. न्यूझीलंडकडे रायग्रास नावाच्या गवतात एक बुरशी राहते. ते गवत खाऊन अल्पाका थरथरतो, झोकांड्या खातो. आणि कण्हेर! आपल्या अंगणातली, देवाला वाहायची कण्हेर कॅलिफोर्नियात रस्तोरस्ती लावलेली आहे. तिची थोडी पाने पोटात गेली तरी अल्पाका मरतो, आणि वाळल्याने विष जात नाही. उलट वाळलेल्या गवतात पाने मिसळली तर ती ओळखूही येत नाहीत. आपल्या गुरांनाही ती तितकीच वाईट, हे शेतकरी मंडळींना सांगायला नको.

राहता राहिले पोते. गाईचे खाद्य आहे, अल्पाकाला का चालू नये, असे म्हणणारा मालक दोन ठिकाणी फसतो. गाईच्या क्षारमिश्रणात तांबे असते. अल्पाकाच्या यकृतात ते साठत जाते आणि फार उशिरा कळते. दुसरे ते मोनेन्सिन, आणि त्याचाच भाऊबंद सॅलिनोमायसिन. पोत्यावर लिहिलेले असेल तर वाचता तरी येते, पण आमच्या घोडेवाल्याच्या पोत्यावर काहीच लिहिलेले नव्हते. ते विष यादीतले नव्हते, ढोलाच्या कोपऱ्यात उरलेले होते. म्हणून जाणकार लोक अशा जनावरांसाठी औषध वापरलेच जात नाही अशा गिरणीचे खाद्य घेतात. नाहीतर औषधी मालानंतर साधा भरडा ढोलातून फिरवून तो वेगळा काढला आहे का, हे आधी विचारतात.

ढोलावरच्या त्या माणसाची बाजू आम्ही मांडली. पोत्यांच्या संख्येवर मजुरी, आणि ढोल झाडण्यात पोती निघत नाहीत. मग झाडील कोण? आरोपपत्र मागे घेतले गेले. घोडेवाल्याला भरपाई मिळाली ती एका घोडीची. औषधी मालानंतर भरडा फिरवायला आता त्या कारखान्यात अर्धा तास मिळतो. तो अर्धा तास मजुरीत धरायचा की नाही, यावर येत्या मंगळवारी पुन्हा बैठक आहे.