पोरींना पोहून काय करायचंय?



संयोजक मला म्हणाले, 'मॅडम, शिक्षणावर बोला.' मी शिक्षणावरच बोलणार आहे, पण ते वर्गातलं नाही, विहिरीतलं आहे.

मी नायगाव तालुक्यात पहिली ते चौथीच्या मुलांना शिकवते. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत माझ्या वर्गातला एक मुलगा शेततळ्यात बुडाला. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली. आपल्या कोरडवाहू भागाला तिची गरज होतीच. पण पाणी मुरू नये म्हणून अनेक तळ्यांना आतून प्लास्टिकचं अस्तर असतं आणि ओलं झालं की ते घसरतं. पडलेल्या लेकराला काठ दिसतो, पण धरायला काहीच सापडत नाही. त्याची बहीण काठावर उभी राहून ओरडत होती. तिच्या गळ्यात दोन-अडीच मीटर ओढणी होती. एक टोक घट्ट धरून दुसरं भावाकडे फेकायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मीही नाही. मी तिचीही बाई होते.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही पोहायला शिकवायचं ठरवलं. तलाव नांदेडला, म्हणजे पन्नासेक किलोमीटरवर. रोज नेणार कसं? म्हणून एका शेतकऱ्याची पायऱ्यांची विहीर मागितली. पालकांची लेखी संमती घेतली. पाण्यात दोन पट्टीचे पोहणारे, एका वेळी चारच मुलं. प्रत्येकाच्या कमरेला दोर आणि पाठीला तेलाचा रिकामा, झाकण घट्ट लावलेला डबा. आपल्या आजोबांच्या वेळी वाळलेला भोपळा बांधायचे, तसंच हे.

मुलगे पहिल्याच दिवशी आले, मुली आल्या नाहीत. मी घरोघरी गेले. एक वडील म्हणाले, 'मॅडम, पोरांना न्या. पोरींना पोहून काय करायचंय?' हे फक्त मुसलमान घरात ऐकलं असं समजू नका. इतर घरांतही हेच वाक्य होतं. आपल्या घरात त्याला दीनचा आधार जोडला जायचा, एवढाच फरक. लेकरांना पोहायला शिकवा, असं हजरत उमर यांनी सांगितल्याचं आपण ऐकत आलो आहोत. लेकरांत मुली येत नाहीत का, एवढंच मी विचारत होते.

वाट काढली ती एका मुलीच्या दादीने. त्यांचं माहेर गोदावरीकाठचं. म्हणाल्या, 'आम्ही लहानपणी नदीत पोहत होतो. तेव्हा कुणी विचारलं नाही. मी बसते विहिरीवर.' मुलींची वेळ वेगळी ठेवली, सकाळी सहाची. अंगात पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि पायघोळ लेगिंग. ओढणी आणि घेरदार सलवार मात्र काठावर, कारण भिजलं कापड जड होतं आणि पायात अडकतं. पहिल्या दिवशी सहा मुली आल्या. महिन्याअखेरीस अकरा.

हा वाद आपल्याच तालुक्यातला नाही. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात एका तुर्की वंशाच्या मुस्लिम जोडप्याने आपल्या दोन लहान मुलींना शाळेच्या मुलामुलींच्या एकत्र पोहण्याच्या तासाला पाठवलं नाही. शाळेने अंगभर पोशाखाची मुभा दिली, कपडे बदलायला मुलांपासून वेगळी सोय दिली. तरी ते तयार झाले नाहीत, त्यांना दंड झाला. १० जानेवारी २०१७ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने निकाल दिला. धर्मस्वातंत्र्यात हस्तक्षेप झाला हे न्यायालयाने मान्य केलं, पण मुलींनी सगळ्यांबरोबर पूर्ण शिक्षण घेणं त्याहून मोलाचं मानलं.

या निकालावर तुमची मतं वेगवेगळी असतील. दंड करून विश्वास मिळत नाही, असं मलाही वाटतं. पण त्या प्रकरणातून मी एक गोष्ट घेतली. कपड्यांवर, वेळेवर, सोबत कोण बसणार यावर बोलू, मान्य करू. मुलगी शिकणार की नाही, यावर मात्र तडजोड नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली. त्यांतली जवळपास निम्मी तिशीच्या आतली. शाळकरी मुलांना पोहणं आणि सुरक्षित बचाव शिकवा, असं ही संघटना सांगते. आम्ही बचाव आधी शिकवतो. कुणी बुडत असेल तर उडी मारायची नाही. ओरडून मोठ्यांना बोलवायचं. आडवं पडून काठी, दोर किंवा ओढणी टाकायची, रिकामा डबा फेकायचा.

सगळं जमलं असं नाही. ज्या बहिणीमुळे हे सुरू झालं, ती अजून विहिरीवर आलेली नाही. तिच्या वडिलांना मी पटवू शकले नाही. पाण्याचं नाव काढलं की तिची आई उठून आत जाते. मी दरवर्षी एकदा त्यांच्या घरी जाते, चहा घेते आणि परत येते.

आणि मी? मलाही पोहता येत नव्हतं. दुसऱ्या उन्हाळ्यात, मुली घरी गेल्यावर, मीही डबा बांधून उतरले. दोर दादींच्या हातात होता.

तुम्ही तरुण आहात. तुमच्या गावातल्या शेततळ्यावर जा. काठाला खुंटी ठोकून गाठी मारलेला एक दोर आत सोडा, आधी मालकाला विचारून. तुमच्यापैकी ज्यांना पोहता येतं, त्यांनी या उन्हाळ्यात चार लेकरांना शिकवा. त्यात दोन मुली असू द्या. बहिणीपासून सुरुवात केली तरी चालेल.